अर्ज आणि प्रबंध

मोडी दफ्तरांच्या सूचीसाठी मी केलेला पहिला अनुदान-अर्ज नामंजूर झाला. सहा पानांपैकी पाच पूर्वसूरींच्या चर्चेत गेली होती. दफ्तरे किती, महिने किती, खर्च किती, हे शेवटच्या परिच्छेदात कोंबलेले. अर्ज म्हणून मी प्रबंधच लिहिला होता.

पुरावा दोन्हींना लागतो. पण प्रबंध झालेल्या कामाचा हिशेब देतो, अर्ज व्हायच्या कामाचा. प्रबंध जाणकार वाचतो. त्याला शंका, तळटिपा चालतात. अर्ज वाचणारा बहुधा त्या विषयातला नसतो. हे काम आताच का आणि तुमच्याच हातून का, हे त्याला पहिल्याच पानावर हवे असते.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हे दोन्ही स्वर दिसतात. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९१९ साली काम सुरू झाले. १९२३ साली विराटपर्वाची कच्ची आवृत्ती अभिप्रायासाठी विद्वानांपुढे ठेवली गेली. हे झाले वचन आणि नमुना. पुढे १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत वि. सी. सुकथनकरांनी मर्यादाही स्पष्ट केली : ही संहिता म्हणजे व्यासांचा मूळ ग्रंथ नव्हे, उपलब्ध हस्तलिखितांवरून गाठता येणारे सर्वांत जुने रूप. आवृत्ती पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले.

प्रबंधात जी कबुली द्यावी लागणार, तिच्या उलट वचन अर्जात देऊ नये. दुसऱ्या अर्जात मी दफ्तरांची संख्या पहिल्या ओळीत लिहिली. कसर लागलेली, वाचता न येणारी दफ्तरे वगळूनच.