छापण्याआधी पिक्सेल मोजा

फाइलमध्ये ‘३०० डीपीआय’ (इंचामागे ३०० ठिपके) भरले की फोटो छपाईला तयार झाला, असे अनेकांना वाटते. पण गिम्प किंवा फोटोशॉपमध्ये ‘रिसॅम्पल’ न करता (म्हणजे सॉफ्टवेअरला नवे पिक्सेल रचू न देता) केवळ तो आकडा बदलल्याने चित्रात एकही पिक्सेल वाढत नाही. ६ बाय ४ इंचांच्या फोटोला ३०० डीपीआयने छापायचे तर १८०० बाय १२०० पिक्सेल मुळातच हवेत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेली, दाबून लहान झालेली प्रत छापू नये; मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. सॉफ्टवेअर चित्र मोठे करते, हे खरे. मात्र नवे पिक्सेल अंदाजाने रचलेले असतात, आजीच्या चेहऱ्यावरची हरवलेली सुरकुती त्यातून परत येत नाही. फ्लेक्स मात्र लांबून पाहतात, त्यामुळे तिथे इंचामागे १०० पिक्सेलही पुरतात.