सज्जनतेची किंमत मोजणारा नायक : जेम्स स्ट्यूअर्ट यांच्या कारकिर्दीचा मागोवा

हॉलिवूडच्या इतिहासात ज्या काळाला स्टुडिओ-पद्धतीचा काळ म्हटले जाते, त्या काळात नट हा एखाद्या मोठ्या चित्रपटसंस्थेशी अनेक वर्षांच्या कराराने बांधलेला पगारी माणूस असे, त्याने कोणती भूमिका करावी हे ती संस्था ठरवी, आणि एकदा लोकांना आवडलेली त्याची प्रतिमा पुढच्या प्रत्येक चित्रपटात जपली जाई. या पद्धतीत घडलेल्या बहुतेक नायकांची लोकप्रियता त्यांच्या तारुण्याबरोबर ओसरली. जेम्स स्ट्यूअर्ट (१९०८–१९९७) यांचे मात्र तसे झाले नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या ‘साध्यासुध्या, भल्या अमेरिकी माणसाच्या’ प्रतिमेत शोधण्याचा प्रघात पडला आहे. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. स्ट्यूअर्ट यांनी भला माणूस रंगवला हे खरेच. परंतु त्या भलेपणाखाली दडलेली भीती, चीड आणि हतबलता पडद्यावर उघडी करण्याचे धैर्य त्यांच्या पिढीतल्या फार थोड्या नायकांनी दाखवले, आणि त्यांचे चित्रपट आज जिवंत वाटतात ते त्यामुळे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील इंडियाना नावाच्या लहानशा गावी २० मे १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे तेथे हार्डवेअरचे दुकान होते. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९३२ साली वास्तुकलेची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या तरुणाला मंदीच्या त्या वर्षांत वास्तुविशारद म्हणून काम मिळण्याची फारशी आशा नव्हती. मॅसॅच्युसेट्समधील एका नाट्यमंडळीच्या संचातून तो न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आला आणि १९३५ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेत करारावर रुजू झाला. सव्वासहा फुटांच्या आसपासची उंची, किरकोळ अंगकाठी आणि शब्द ओढत, मध्येच अडखळत बोलण्याची लकब, यांपैकी काहीही तत्कालीन नायकाच्या साच्यात बसणारे नव्हते. त्या अडखळण्याला अर्थ दिला तो दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांनी.

काप्रा यांच्या ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (१९३९) या चित्रपटात नवखा सिनेटर जेफरसन स्मिथ भ्रष्ट राजकारण्यांविरुद्ध ‘फिलिबस्टर’चा मार्ग पत्करतो. सिनेटमध्ये एकदा बोलायला उभ्या राहिलेल्या सदस्याने खाली न बसता बोलतच राहून कामकाज रोखून धरणे, असा या संसदीय डावपेचाचा अर्थ. स्मिथ जवळजवळ चोवीस तास बोलतो आणि त्याचा घसा पार बसतो. तो बसका आवाज खरा वाटावा म्हणून स्ट्यूअर्ट यांनी डॉक्टरकडून घशाला सूज आणणारे औषध लावून घेतले होते. या प्रसंगाची खरी ताकद मात्र त्या आवाजाहून त्यांच्या चेहऱ्यात आहे : स्मिथच्या विरोधात पाठवलेल्या तारांचे ढीगच्या ढीग सभागृहात आणले जातात, तो त्या मुठीत धरून पाहतो, आणि आपण हरलो असे त्याला खरोखर वाटते. शेवटी तो जिंकतो, तेही स्वतःच्या बोलण्याने नव्हे तर प्रतिस्पर्ध्याच्या सदसद्विवेकबुद्धीला टोचणी लागल्यामुळे. चित्रपट वॉशिंग्टनमधील अनेक सिनेटरांना आणि पत्रकारांना झोंबला. पुढच्याच वर्षीच्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी स्ट्यूअर्ट यांना ऑस्कर मिळाले; ती बाहुली वडिलांनी आपल्या दुकानात मांडली आणि ती तेथे कित्येक वर्षे होती.

यानंतरच्या पाच वर्षांकडे त्यांचे चाहते अनेकदा कौतुकाचा एक तपशील म्हणून पाहतात. वास्तविक त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीची किल्ली तेथे आहे. स्ट्यूअर्ट हे आधीपासूनच परवानाधारक वैमानिक होते. लष्कराने पहिल्या खेपेस वजन कमी भरल्यामुळे त्यांना नाकारले, तेव्हा त्यांनी वजन वाढवले आणि मार्च १९४१ मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी, साधा शिपाई म्हणून ते भरती झाले. प्रचारपटांत आणि प्रशिक्षणात अडकून पडण्याऐवजी प्रत्यक्ष लढाईवर जाण्याचा हट्ट त्यांनी धरला, आणि १९४३च्या अखेरीस इंग्लंडमधील टिबनम येथील तळावर बी-२४ या जड बाँबफेकी विमानांच्या तुकडीचे नेतृत्व करीत ते दाखल झाले. वीस लढाऊ मोहिमा त्यांच्या नावावर नोंदल्या आहेत. हाताखालची माणसे रोज मृत्यूच्या तोंडी पाठवणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी त्यांनी सोसली आणि १९४५ मध्ये ते कर्नल होऊन परतले. आपल्या चित्रपटांच्या जाहिरातीत या युद्धसेवेचा वापर होऊ द्यायचा नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. त्या अनुभवाविषयी ते जाहीरपणे क्वचितच बोलले. पण तो त्यांच्या अभिनयात उतरला.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) हा परतल्यानंतरचा त्यांचा पहिला चित्रपट. आज त्याचे नाव निघताच नाताळ, बर्फ आणि कुटुंबाचा जिव्हाळा आठवतो. पण हा चित्रपट आत्महत्येच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या माणसाचा आहे, हे विसरता कामा नये. गावासाठी आपली सगळी स्वप्ने गिळून टाकणारा जॉर्ज बेली पैशाच्या पेचात सापडल्यावर घरी येऊन मुलांवर खेकसतो, सामान उधळतो, आणि मग दारूच्या गुत्त्यात बसून पुटपुटत देवाची करुणा भाकतो. ही प्रार्थना चित्रित होत असताना स्ट्यूअर्ट यांना खरेच रडू कोसळले. कॅमेरा लांब होता आणि तो हुंदका पुन्हा आणता येण्याजोगा नव्हता, म्हणून काप्रा यांनी प्रयोगशाळेत त्या दृश्याची एकेक चौकट मोठी करून घेतली व चेहरा जवळ आणला. युद्धापूर्वीच्या स्मिथला हे रडणे जमले नसते.

प्रदर्शनाच्या वेळी या चित्रपटाने खर्चही भरून काढला नाही. स्ट्यूअर्ट यांनी मग जो मार्ग निवडला, त्यात व्यवहाराचे शहाणपण होते आणि कलेचे धाडसही. ‘विंचेस्टर ७३’ (१९५०) साठी त्यांचे दलाल ल्यू वासरमन यांनी युनिव्हर्सल संस्थेशी असा करार केला की, ठरावीक मोबदल्याऐवजी नटाला नफ्यात वाटा मिळावा. संस्थेला सुरुवातीला मोठी रक्कम मोजावी लागली नाही, नटाचे उत्पन्न अनेक वर्षांत विभागले जाऊन कराचा बोजा हलका झाला, आणि हा सौदा यशस्वी ठरल्यामुळे नटांना पगारी नोकर मानणाऱ्या पद्धतीचा पाया खचू लागला.

‘विंचेस्टर ७३’पासून दिग्दर्शक अँथनी मान यांच्याबरोबर त्यांनी आठ चित्रपट केले, त्यांपैकी पाच ‘वेस्टर्न’ म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या घोडेस्वार-बंदूकधाऱ्यांच्या कथा होत्या. येथे भला माणूस सूडाने पेटलेला आणि स्वतःलाच भिणारा झाला. मराठी वाचकाने स्ट्यूअर्ट यांचा एकच अनोळखी चित्रपट पाहायचा ठरवला, तर तो ‘द नेकेड स्पर’ (१९५३) असावा. युद्धावर असताना वाग्दत्त वधूने परस्पर विकून टाकलेली आपली जमीन परत घेण्यासाठी हॉवर्ड केम्प एका खुन्यावरच्या पाच हजार डॉलरच्या बक्षिसामागे लागतो. शेवटी तो त्या खुन्याचे प्रेत नदीतून ओढून घोड्याकडे नेतो, हे विकणारच म्हणून ओरडतो, आणि ओरडता ओरडता ढसाढसा रडू लागतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी ही अस्वस्थता आणखी खोलवर नेली. ‘रिअर विंडो’ (१९५४) मध्ये पाय प्लास्टरमध्ये अडकलेला छायाचित्रकार खिडकीतून शेजाऱ्यांवर नजर ठेवतो, आणि चित्रपटाचा बहुतेक भार त्याच्या पाहण्यावरच आहे. एकाच चेहऱ्याचा अर्थ त्याच्या शेजारी जोडलेल्या दृश्यानुसार बदलतो, या संकलनतत्त्वाचे स्पष्टीकरण देताना हिचकॉक स्ट्यूअर्ट यांच्याच चेहऱ्याचा दाखला देत : समोर टोपलीतून खाली सोडला जाणारा छोटा कुत्रा दाखवला तर त्या स्मितात माया दिसते, अर्धवस्त्रा स्त्री दाखवली तर तेच स्मित लंपट ठरते. ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये उंचीला घाबरणारा गुप्तहेर गमावलेल्या प्रेयसीचे रूप दुसऱ्या स्त्रीवर लादतो. तिचे केस, तिचा पोशाख हट्टाने बदलतो. हॉलिवूडच्या दुसऱ्या कोणत्याही लोकप्रिय नायकाने आपल्या प्रतिमेशी इतका मोठा धोका पत्करलेला नाही; तो पत्करला स्ट्यूअर्ट यांनी, ज्यांच्यावर प्रेक्षकांचा डोळे मिटून विश्वास होता. म्हणूनच ते पाहणे असह्य होते. समीक्षकांनी तेव्हा ‘व्हर्टिगो’चे संमिश्र स्वागत केले. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या जागतिक कौलात २०१२ साली तो पहिल्या आणि २०२२ साली दुसऱ्या क्रमांकावर आला.

पुढच्या वर्षांत ‘अ‍ॅनॅटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) आणि ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२) असे महत्त्वाचे चित्रपट झाले. त्यानंतरची कामे बहुतांशी सवयीची होती. हवाई दलाच्या राखीव सेवेत ते ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. त्यांचा सावत्र मुलगा १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला.

त्यांच्या चित्रपटांच्या दीर्घायुष्यात कायद्याचाही वाटा आहे. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’च्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण १९७४ मध्ये राहून गेले, तेव्हा दूरचित्रवाणी केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला, आणि दर नाताळात तो पाहत पाहत एक नवी पिढी वाढली. दुसरीकडे, हिचकॉक यांनी आपल्या हाती हक्क असलेले पाच चित्रपट बरीच वर्षे प्रदर्शनापासून दूर ठेवले होते. १९८३-८४ मध्ये ते पुन्हा पडद्यावर आले, त्या पाचांपैकी चारांचे नायक स्ट्यूअर्ट होते. ‘रिअर विंडो’च्या मूळ कथेच्या हक्कांचा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९० सालचा तो निकाल ‘स्ट्यूअर्ट विरुद्ध अबेंड’ या नावाने, म्हणजे चित्रपटाचे सहमालक असलेल्या स्ट्यूअर्ट यांच्याच नावाने, ओळखला जातो. पुढे याच निकालाच्या आधारावर ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’वरील हक्क पुन्हा बजावण्यात आला आणि त्याचे फुकट प्रक्षेपण थांबले.