नागकेशर : नाव एक, द्रव्ये तीन

चातुर्जातातील एक घटक म्हणून नागकेशर प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहे. रक्तार्श व रक्तप्रदर यांत आपण ते नित्य योजतो. तथापि काष्ठौषधींच्या दुकानातून आलेल्या पुडीत नेमके काय आहे, हे उघडून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियास अभिप्रेत नागकेशर म्हणजे मेस्युआ फेरिया या वृक्षाचे पुंकेसर. आसामात याच वृक्षास नाहोर म्हणतात. निघंटूंतील ‘नागकिंजल्क’ हा पर्याय येथे मार्गदर्शक आहे. किंजल्क म्हणजे केसर. प्रयोज्यांग नावातच सांगितलेले आहे. सुवर्णवाचक पर्यायांनी वर्णही सुचविला आहे. फुलाच्या चार शुभ्र पाकळ्यांमध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका असतो. सुकल्यावर त्यास ताम्र-पिंगट छटा येते.

आपल्याकडील बाजारात मात्र ‘तांबडे नागकेशर’ म्हणून ज्या लालसर, गोलाकार कळ्या मिळतात, त्या सुरंगीच्या, म्हणजे मॅमिया सुरिगाच्या असतात. कोकणात ज्या सुरंगीचे वळेसर केसांत माळतात, तीच ही. ‘काळे नागकेशर’ म्हणजे तर दालचिनीच्या प्रजातीतील वृक्षांची अपक्व फळे. सुरंगी निकृष्ट आहे असे माझे म्हणणे नाही. तिचा गुणकर्मविचार स्वतंत्रपणे व्हावा. परंतु रक्तस्रावी रुग्णास एक द्रव्य लिहून द्यावयाचे व त्याच्या पोटात दुसरे जावयाचे, ही गोष्ट क्षम्य नव्हे. अशा वेळी गुण न आल्यास आपण मात्रा वाढवितो, अनुपान बदलतो. द्रव्याचा संशय सर्वांत शेवटी येतो.

परीक्षा अवघड नाही. नमुना कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली पाहावा. सुटे, नाजूक तंतू व त्यांच्या टोकांशी लांबट परागकोश दिसले, तर पुंकेसर म्हणावयास हरकत नाही. बंद कळी दिसली तर सुरंगीचा संशय घ्यावा. तळाशी पेल्यासारखे आवरण असलेले टणक फळ असेल, तर नागकेशराचा प्रश्नच उरत नाही.

चूर्ण झाल्यावर ही सोय राहत नाही. म्हणून नागकेशर चूर्णरूपात विकत घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्मात्या वैद्यांनी तर प्रत्येक खेपेचा नमुना सूक्ष्मदर्शक व टी.एल.सी. परीक्षणासाठी, प्रमाणित पुंकेसरांच्या तुलनेत, तपासून घ्यावा. व्यापाऱ्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर वनस्पतीचे लॅटिन नाव, प्रयोज्यांग व त्याच खेपेचा क्रमांक आहे ना, हे पाहावे. केवळ ‘नागकेशर, उत्तम प्रत’ एवढेच लिहिले असेल, तर माल परत करावा.