थंडी हाच तिथला पाया

‘इतक्या गारठ्यात राहणाऱ्यांना थोडी ऊब मिळाली तर बरंच की!’ उत्तर ध्रुवाकडच्या तापमानवाढीचा विषय निघाला की असं हमखास ऐकू येतं. हा समज किती चुकीचा आहे, ते अलास्कातल्या न्यूटॉक गावाला विचारावं.

ही यूपिक लोकांची छोटी वस्ती होती. गावाखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे भर उन्हाळ्यातही खोलवर गोठलेली राहणारी जमीन. तिच्यातली माती बर्फानेच बांधून ठेवलेली असते. तो बर्फ वितळू लागला, जमीन खचू लागली आणि निंगलिक नदीचा काठ वर्षाला सरासरी वीसेक मीटर ढासळत घरांपर्यंत आला. स्थलांतराची तयारी 1994 मध्येच सुरू झाली होती. नदीपलीकडच्या मर्टारविकला पहिली कुटुंबं पोचली ती 2019 मध्ये. काही शे माणसांच्या गावातली पहिली घरं हलायलाच पंचवीस वर्षं लागावीत, हे मला त्या नदीइतकंच क्रूर वाटतं.

‘समुद्रावरचा बर्फ वितळला की पाणी चढतं’, हाही सर्रास आढळणारा समज. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतकं पाणी आधीच सारलेलं असतं, त्यामुळे तो वितळून पातळी जवळजवळ बदलत नाही. ती वाढते ग्रीनलंडसारख्या जमिनीवरचा बर्फ समुद्रात गेल्याने आणि पाणी तापून प्रसरण पावल्याने. तरी समुद्रावरचा बर्फ किनाऱ्याला हवाच असतो. शरदातल्या वादळांच्या लाटा तो अडवायचा. आता तो उशिरा धरतो आणि लाटा थेट काठावर आदळतात. अलास्कातल्याच शिश्मारेफच्या गावकऱ्यांनी 2016 मध्ये गाव हलवण्याच्या बाजूने मतदान केलं, ते याच धुपेपायी.

ऊब वाढली म्हणून रेनडिअरना चारा सहज मिळतो, असंही नाही. हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडला की तो जमिनीवर गोठतो आणि त्या कठीण थराखालचा चारा जनावरांना उकरता येत नाही. सायबेरियातल्या यामाल भागात 2013 च्या हिवाळ्यात अशाच थरामुळे नेनेत्स पशुपालकांचे हजारो रेनडिअर उपासमारीने मेले.

आणि ‘तिकडचं तिकडे’? उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टमध्ये आजच्या वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन आहे. तो एका झटक्यात बाहेर पडेल ही भीती अवास्तव आहे. तो दशकानुदशकं हळूहळू सुटत राहील. त्यातला किती सुटेल, हे मात्र आपण सगळे मिळून अजून किती कोळसा आणि तेल जाळतो, यावर ठरणार आहे.