चुकलात तर वर चढा

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या तोंडी किल्ल्यांची नावं असतात. तोरणा झाला, राजगड झाला, असं आपण सांगतो. पण हे दोन किल्ले ज्या डोंगराच्या धारेनं जोडले आहेत, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आज मला बोलायचं आहे ते या धारेबद्दल. ती सायकलवरून कशी बघावी, पायी कशी चालावी आणि रानात वाट हरवली तर तिचाच आधार कसा घ्यावा, हे सांगावं म्हणतो.

इथं नकाशा दाखवता येत नाही, म्हणून आपल्या हाताचाच नकाशा करू. पंजा टेबलावर पालथा ठेवा, बोटं फाकवा आणि तळवा थोडा उचला. बोटांच्या मुळाशी हाडांच्या उंचवट्यांची जी रांग दिसते, ती धार. दोन उंचवट्यांमधला खोलगट भाग म्हणजे खिंड. खाली उतरत गेलेली बोटं म्हणजे सोंडा, आणि बोटांमधल्या फटी म्हणजे घळी. पावसाळ्यात ओढे धावतात ते या घळींमधून.

आता समजा, एक मुंगी बोटाच्या टोकाकडून वर निघाली. कुठल्याही बोटावरून निघाली तरी ती शेवटी धारेवरच येणार. पण तीच मुंगी धारेवरून खाली निघाली, तर चार बोटं तिला चार दिशांना नेतील आणि त्यातलं एकच तिच्या वारुळाकडे जाईल. डोंगराचंही असंच आहे. चढताना वाटा एकत्र येतात, उतरताना त्या फुटतात. म्हणून माणसं चढताना सहसा चुकत नाहीत, चुकतात ती उतरताना.

तोरणा १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. त्याच्या बुधला माचीकडून उतरलं की धार लागते, आणि राजगडाच्या संजीवनी माचीपाशी ती संपते. एका अंगाला कानंदीचं खोरं, दुसऱ्या अंगाला वेळवंडीचं. धारेवर पडलेल्या पावसाचा एक थेंब कानंदीतून गुंजवणीत जातो, शेजारचा थेंब वेळवंडीतून भाटघरच्या जलाशयात. दोघांची गाठ पडते ती थेट नीरेत. मधे कुठं उघडा माळ, कुठं दाट झाडी. धारेवरची मुख्य वाट मळलेली आहे. पण पावसाळ्यानंतर गवत आणि कारवी माजली, की तिला फुटणाऱ्या ढोरवाटा आणि खरी वाट यांत फरक करणं अवघड होतं.

चुकलेल्या माणसाला सोंडेवरून उतरताना धोका का असतो, हे कळायला खडकाकडे बघावं लागतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यातले काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि मऊ. घट्ट थराचा उभा कडा होतो. मऊ थर झिजतो आणि तिथं सपाटीचा पट्टा तयार होतो. त्याला आपल्याकडे पदर म्हणतात. पदरावर माती टिकते, ओल टिकते, म्हणून जांभूळ, अंजन, हिरडा यांचं रान तिथं दाटतं. बाजूनं पाहिलं तर सारा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. पण वरून उतरणाऱ्याला दिसतात ते फक्त झाडांचे शेंडे. पुढं उतार आहे की शंभर फुटांचा कडा, ते अगदी काठावर जाईपर्यंत कळत नाही.

वाट चुकलेला माणूस बहुतेक वेळा ओढा धरतो. पाणी गावाकडे जातं, असा त्याचा हिशेब. हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. एका वाडीतल्या म्हाताऱ्या गुराख्यानं मला तो पुरा करून सांगितला. म्हणाला, "पावणं, पान्यामागं जाऊ नगा. पानी कड्यावरनं उडी मारतंय. तुमास्नी मारता येनार हाय का?" डोंगराच्या प्रत्येक पायरीवर ओढ्याचा धबधबा होतो. उतरताना आपण एक टप्पा कसाबसा घसरत पार करतो, पुढच्या टप्प्याला अडतो, आणि मागचा परत चढता येत नाही. घळीत अडकणं म्हणतात ते हेच.

म्हणून वाट हरवली तर खाली नाही, वर जायचं. आल्या वाटेनं मागं फिरून धार गाठायची. धारेवर दोन्ही खोरी दिसतात, दोन्ही किल्ले दिसतात, खोऱ्यापेक्षा मोबाईलची रेंज मिळण्याची शक्यताही जास्त. याला अपवाद एकच, विजांचा. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला, तर उघड्या धारेवर थांबू नये. खिंडीजवळच्या उतारावर, एकट्या उंच झाडापासून दूर बसावं.

कारवीतली वाट ओळखायची एक खूण आहे. ढोरवाट खाली रुंद असते, पण छाती-डोक्याशी फांद्या अडवतात, कारण जनावर त्यांच्याखालून जातं. माणसाच्या वाटेवर खांद्याच्या उंचीला कोयत्याचे जुने घाव दिसतात. ढोरवाट वाईट नव्हे, ती पाण्यावर किंवा वाडीवरच जाते. पण वाडी कुठल्या खोऱ्यातली, हे ती सांगत नाही.

आता सायकल. धार चालण्याआधी एक दिवस तिच्या दोन्ही अंगांना सायकलवरून फिरावं, असं माझं मत आहे. या धारेला मधे एका खिंडीत गाडीरस्ता ओलांडतो, त्यामुळे हे जमतं. मोटारीतून डोंगर भरकन मागं जातो. सायकलवर चढाची प्रत्येक पायरी मांडीला कळते. दम कुठं लागला आणि कुठं सुटला, यावरून कडा आणि पदर ओळखता येतात. रस्त्याखालच्या मोऱ्या मोजाव्यात. जवळपास प्रत्येक मोरीच्या वर एक घळ असते आणि दोन मोऱ्यांच्या मधे सोंड. कुठली सोंड गावात उतरते आणि कुठली कड्यावर संपते, हे खालून नीट दिसतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तिथंच खुणा कराव्यात. त्यावर समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतरानं असतात. रेषांची टोकं चढाकडे वळली तर घळ, उताराकडे वळली तर सोंड. रेषा एकमेकींना चिकटल्या, की समजावं कडा आहे.

सायकल मात्र रस्त्यापर्यंतच. रानात ती खांद्यावर घ्यावी लागते, आणि मग ती वाहन न राहता ओझं होते. शिवाय ओल्या मातीत चाकाची रेघ उठली, की पुढच्या पावसाचं पाणी त्याच रेघेतून धावतं आणि तिची चर होते. धारेवर मातीचा थर पातळ असतो. तो एकदा वाहून गेला की खाली खडकच.

२०२५ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. त्यामुळे गडाकडची वर्दळ वाढेल आणि तिच्यातले काहीजण धारेकडेही वळतील. त्यांना सांगणं एवढंच, की वनखात्याच्या जागेत नियम विचारून जा. अभयारण्य असेल तर परवानगीशिवाय वाट सोडू नका. फेब्रुवारीनंतर गवत वाळलेलं असतं, तेव्हा विडी-काडी किंवा चूल नको. कड्याला आग्या मोहोळ असेल तर आवाज आणि धूर दोन्ही टाळा. माणशी तीन-चार लिटर पाणी घ्या, कारण दिवाळीनंतर धारेवर पाण्याचा भरवसा नसतो. कुठल्या गावातून चढणार आणि कुठं उतरणार, हे घरी लिहून ठेवा. दुपारी तीनपर्यंत उतरायची सोंड नक्की झाली नाही, तर नवी वाट शोधत बसू नका. उजेड आहे तोवर धारेवरून ओळखीच्या वाटेकडे मागं फिरा.