भारतातील हायड्रोजन अर्थव्यवस्था आणि खतनिर्मिती

हायड्रोजन हा ऊर्जेचा मूळ स्रोत नसून वाहक आहे. भारतात तो आजही मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळविला जातो आणि तेलशुद्धीकरण व खतनिर्मितीत वापरला जातो. मोटारींची चर्चा अधिक होत असली, तरी खरी मागणी येथेच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 4 जानेवारी 2023 रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता देऊन 19,744 कोटी रुपयांची तरतूद केली. 2030 पर्यंत वार्षिक 50 लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. ही कल्पना भारताला सर्वस्वी नवी नाही. पंजाबमधील नंगल येथे 1960 च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्याचे विद्युत अपघटन करून खतासाठी हायड्रोजन तयार केला जात असे.

मुख्य अडचण विजेच्या दराची आहे. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे 50 ते 55 युनिट वीज लागते. युनिटला 4 रुपये धरले, तरी केवळ विजेचा खर्च 200 ते 220 रुपये होतो. दुसरी अडचण क्वचितच विचारात घेतली जाते. युरियासाठी अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो नैसर्गिक वायूच्या प्रक्रियेतूनच मिळतो. त्यामुळे हरित अमोनियाचा प्रवेश प्रथम डीएपीसारख्या खतांत होणे अधिक संभवनीय आहे. त्यांच्यासाठी लागणारा अमोनिया आजही मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागतो.