खेळातून अंकाकडे : पायाभूत संख्याज्ञानाचा प्रश्न

चिंचोक्यांचे दोन ढीग चार वर्षांच्या मुलापुढे ठेवले आणि एक ढीग दुसऱ्याच्या दुप्पट असला, तर जास्त चिंचोके कोठे आहेत हे ते न मोजताही बहुधा बरोबर सांगते. संख्येची ही उपजत जाण हेच खेळाधारित गणितशिक्षणाचे भांडवल होय. मात्र तिचे शालेय गणितात आपोआप रूपांतर होत नाही.

'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात वजाबाकी करू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०२२ मध्ये २५.९ टक्के होते. २०२४ मध्ये ते ३३.७ टक्क्यांवर गेले. सुधारणा लक्षणीय असली, तरी सुमारे दोन तृतीयांश मुले अद्याप मागेच होती. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० ला अनुसरून ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मिळावे, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठेवली. ३ ते ८ वयोगटासाठी 'जादुई पिटारा' हे खेळसाहित्य २०२३ मध्ये आले.

केवळ खेळ पुरेसा आहे काय? या संदर्भात दिल्लीतील बालवाड्यांमधील १,५४० मुलांवर झालेला प्रयोग उद्बोधक आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही मुलांना चार महिने गणिती खेळ खेळविण्यात आले. त्यांची उपजत संख्याजाण टिकाऊपणे वाढली. परंतु पुढे प्राथमिक शाळेतील गणित शिकताना त्यांना इतरांहून अधिक लाभ झालेला आढळला नाही. खेळाचा कागदावरील अंकाशी सांधा जुळला नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही हीच दरी दिसली. गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी अचूक करणारी मुले पाठ्यपुस्तकी पद्धतीच्या उदाहरणांत अडखळत होती.

म्हणूनच २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अनुभव, भाषा, चित्र आणि चिन्ह असा क्रम सुचविला आहे. काड्यांच्या खेळात तो सहज साधतो. मूल फासा टाकते, पडेल तितक्या काड्या घेते आणि दहा झाल्या की त्यांचा गठ्ठा बांधते. तीन गठ्ठे व चार सुट्या काड्या झाल्या की ते संख्या मोठ्याने म्हणते, गठ्ठ्यांचे चित्र काढते आणि मग ३४ लिहिते. एखाद्याने ३०४ लिहिले, तर चूक कोठे झाली हे गठ्ठेच दाखवतात. चौतीसमधून आठ काड्या द्यायच्या झाल्या, तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. हातच्याची वजाबाकी ती हीच. शिक्षकाने लिहिण्याची ही शेवटची पायरी गाळली, तर उरते ती करमणूक, आणि घाईच्या तासिकेत नेमकी तीच गाळली जाते.

भाषेची अडचण वेगळीच. 'चौतीस' म्हणताना चार आधी येतो, लिहिताना तीन. हिंदी आणि बंगालीतही तसेच आहे. तमिळ व तेलुगूत मात्र दशक आधी उच्चारला जातो. त्यामुळे मराठी मूल ३४ ऐवजी ४३ लिहिते, तेव्हा दोष नेहमी गणिताचाच असतो असे नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असे संख्यावाचन दिले, ते याच कारणासाठी. त्यावर महाराष्ट्रात मोठा वादही झाला.